मल्हारी उंबऱ्याबाहेर उभा आहे

रणजित,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि अ‍ॅपवर आपल्या कथेखाली लोक अजून विचारतायत, मल्हारी आत जातो का नाही. आज सकाळी जतच्या त्या बाईंनी लिहिलंय, ‘अहो लेखक, दोन वर्षं त्या बिचाऱ्याला दारात उभा केलाय. आत तरी घ्या, नाहीतर मारून तरी टाका.’ लेखक एक नाही, दोघं होते, हे त्यांना ठाऊक नाही. त्या दोघांतला एक आता नाही, हे तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. उत्तराच्या चौकोनात मी तीनदा काहीबाही लिहिलं, तीनदा पुसलं आणि कामाला लागलो. रक्तपेढीत सकाळी गर्दी असते, हे एक बरं आहे.

मला तुझ्याबद्दल कुणाशी बोलता येत नाही. तुझ्याबद्दल बोलायचं तर आधी आपण एकमेकांचे कोण होतो हे सांगावं लागतं, आणि ज्याला विचारून ते सांगायचं तोच राहिला नाही. म्हणून तुलाच लिहितोय. तू वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. दोन वर्षं असल्या गोष्टी लिहूनही आपला दोघांचाही भुतांवर विश्वास नव्हता. आता निदान माझा तरी बसावा असं फार वाटतं, पण बसत नाही.

आपली गाठ मेंढरांनी घालून दिली. माझा चुलता दरवर्षी आटपाडीकडनं कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरतो आणि उंब्रजला तुमच्या रानात चार-पाच दिवस मेंढरं बसवतो. रानाला खत, मेंढरांना चारा. त्या वर्षी मी सांगलीहून चुलत्याला भेटायला आलो होतो आणि तू आईनं बांधून दिलेल्या भाकरी घेऊन बांधावर आलास. मी काय करतो असं तू विचारलंस. रक्तपेढीत आहे म्हटल्यावर तू मोठ्यानं हसलास. तू साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचास. म्हणालास, म्हणजे दोघंबी बाटल्या हलवूनच पोट भरतोय. एवढ्यावर मी तुझ्यावर भाळलो, हे मी तुला पुढे सहा महिने सांगितलं नाही. तुला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं असं तू नंतर म्हणायचास. खोटं बोलायचास. तू तेव्हा सगळा वेळ चुलत्याच्या कुत्र्याशी खेळत होतास.

मग कराड. तुला उंब्रजहून जवळ, मला सांगलीहून लांब, म्हणून गाडीभाडं तू द्यायचं असं ठरलं होतं आणि तू ते कधीच दिलं नाहीस. एक रविवार सोडून एक रविवार, दुपारी, संगमावरच्या घाटावर. आजूबाजूला सहली, फुगेवाले, सेल्फी काढणारी जोडपी. त्या सगळ्यांत दोन मित्र बसलेत, भेळ खातायत आणि मोबाईलमध्ये डोकं घालून भांडतायत, याकडे कोण बघतंय. आपण भांडायचो ते मात्र एका व्हँपायरवरनं.

ती कल्पना तुझी. परदेशी गोष्टींत रक्त पिणारे देखणे पुरुष असतात, चेटूक करणारे असतात, आणि हल्ली ते एकमेकांच्या प्रेमातही पडतात, हे तू कुठंकुठं वाचून ठेवलं होतंस. तुझं म्हणणं, आपल्याकडं असं का लिहीत नाहीत. मी म्हटलं, आपल्याकडं रक्त पिणारा पांढरा कोट घालून सांगलीत बसतो आणि पिऊन झालं की बिस्किटाचा पुडा देतो. तू ऐकलं नाहीस. गोष्टींच्या त्या अ‍ॅपवर ‘काळी मेंढी’ नावाचं खातं उघडलंस, आणि पुढच्या रविवारी येताना मल्हारीला घेऊन आलास.

दोनशे वर्षांपूर्वी रानात मेंढरं बसवली असताना लांडग्याच्या रूपात काहीतरी आलं आणि त्याला चावून गेलं, तेव्हापासून मरण नसलेला मेंढपाळ. उन्हात जळणारा व्हँपायर मेंढरं कशी राखेल, हा माझा पहिला आक्षेप. तू चार दिवस विचार केलास आणि लिहिलंस, घोंगड्याखाली त्याला ऊन लागत नाही. त्या एका वाक्यावर मी तुझ्यापुढं हात टेकले. मग यशवंत आला, उसाच्या बागायतदाराचा मुलगा. त्यांच्या घरात चेटूक आईकडून मुलीकडं जायचं. एका पिढीत मुलगीच झाली नाही आणि ते यशवंतकडं आलं. त्याला ते घरात सांगता येत नाही आणि त्याच्यानं लपवलंही जात नाही. हे वाचून मी तुझ्याकडं नुसतं बघितलं, तर तू म्हणालास, बघतोस काय, आपलंच हाय की.

लिहायची आपली रीतही उफराटी. मल्हारीची प्रकरणं तू लिहायचीस आणि यशवंतची मी. म्हणजे ज्यानं जन्मात मेंढरू वळलं नाही तो मेंढपाळ लिहायचा, आणि ज्यानं तुमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं तो तुमचं घर. मी चुकलो की तू दुरुस्त करायचास. फडताळ डावीकडं हाय. आईचा पाट चुलीच्या ह्या अंगाला असतोय. आबा पलटणीतनं पेन्शनीत आले तरी बूट अजून दारात रांगेत लावत्यात. सोप्यात उगवतीकडं एक खिडकी आहे, यशवंतला तिथं बसव, तिथनं सगळं रान दिसतं. मी त्याला दोन वर्षं त्या खिडकीत बसवला. वाचणाऱ्यांत ती खिडकी इतकी लाडकी झाली की एकीनं तिचं चित्र काढून पाठवलं.

आणि तो नियम. बोलावल्याशिवाय व्हँपायर कुणाच्या घरात येऊ शकत नाही, असं त्या परदेशी गोष्टींत असतं, ते ठेवायचंच असा तुझा हट्ट. मला हसू आवरेना. म्हटलं, आपल्याकडं वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही लोक ‘या चहाला’ म्हणतात, तुझा मल्हारी एका आठवड्यात उंब्रज संपवून मसूरला लागेल. तू हसला नाहीस. तू भेळेचा कागद चुरगळत म्हणालास,

“त्या बोलवण्यात आत ये असं नसतं गड्या. म्हणणाऱ्याला बी ठावं असतंय, ऐकणाऱ्याला बी. घरातल्या बाईनं आतनं ये म्हणाय पायजे. तवा खरं.”

माझा चुलता वीस वर्षं तुमच्या रानात येतो. तुझी आई दर खेपेला भाकरी, झुणका, ताक पाठवते, कमी पडू देत नाही. पण ते सगळं बांधावर येतं. चुलत्याला त्यात वावगं वाटत नाही, तुझ्या आईलाही नाही. तुला वाटायचं, म्हणून तू मल्हारी लिहिलास. तो रानापर्यंत बोलावलेला आहे. यशवंतची आई त्याला भाकरी पाठवते, तो ती कुत्र्याला घालतो, कारण त्याला ती खाता येत नाही, आणि रिकामं फडकं धुऊन, घडी करून ठेवतो. ते फडकं न्यायला यशवंत रोज येतो. तुझं हे प्रकरण मी रक्तपेढीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला. हेही तुला कधी सांगितलं नाही. कौतुक केलं की तू डोक्यावर बसायचास.

शेवटचं प्रकरण आपल्याला बाधलं. यशवंतचं चेटूक त्याच्यावरच उलटतं, तो अंथरुणाला खिळतो, आणि त्याला वाचवील असं एकच माणूस दारात घोंगडं पांघरून उभं आहे. उंबऱ्याच्या आत आई. तिनं ये म्हटलं तर तो आत येईल. प्रकरण यशवंतच्या घरातलं, म्हणजे लिहायची पाळी माझी. मी लिहिलं, आई म्हणाली, ये. दुसऱ्या दिवशी बघतो तर तो शब्द गायब. मी परत लिहिला, तू परत खोडलास. आपल्या त्या एकाच फाइलमध्ये एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं खोडायचं, हे आपल्याला नवं नव्हतं, पण एका शब्दासाठी तीन आठवडे कधी गेले नव्हते.

तुझा निरोप आला, ती न्हाई म्हणायची. तू माझ्या आईला वळखत न्हाईस.

मी लिहिलं, मी यशवंतच्या आईबद्दल बोलतोय.

मग मीच पुढं लिहिलं. काय लिहिलं ते तुला ठाऊक आहे, तरी इथं लिहितो, कारण ते अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि मला पुसता येत नाही. मी लिहिलं, ‘तू गोष्टीतसुद्धा घाबरतोस.’ दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तू वाचलंस. उत्तर आलं नाही. मी पण हट्टाला पेटलो. म्हटलं, रविवारी येईलच तोंड वर करून. त्या रविवारी तू आला नाहीस. मी घाटावर दोन तास बसलो, दोघांची भेळ एकट्यानं खाल्ली आणि तुला मनातल्या मनात शिव्या देत परत आलो. तू तेव्हा तापानं फणफणला होतास.

मला हे कळलं ते कसं, सांगू? मंगळवारी दुपारी खिडकीशी एक माणूस आला. कराडच्या दवाखान्यातली चिठ्ठी. कराडात प्लेटलेट मिळाल्या नव्हत्या म्हणून त्याला सांगलीला पिटाळलं होतं. रोज अशा चिठ्ठ्या येतात. मी नाव वाचतो, गट बघतो, वय बघतो आणि आत जातो. ती वाचली. डेंग्यू. वय एकतीस. तुझं पूर्ण नाव, आबांच्या नावासकट. तुझं अक्षर मला पाठ होतं, पण तुझं पूर्ण नाव असं दुसऱ्याच्या हातनं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

तो तुझा मावसभाऊ. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यानं विचारलं, “वळखतुस व्हय रं त्याला?”

तीन वर्षांचं काय काय माझ्या तोंडाशी आलं. मी म्हणालो, “आमची मेंढरं बसतात त्यांच्या रानात.” यापेक्षा जास्त सांगायचा मला हक्क होता का, ते कळलं नाही.

मी पिशव्या काढल्या. तुला एकदा सांगितलं होतं, प्लेटलेट गारठ्यात ठेवायच्या नसतात आणि निजवूनही ठेवायच्या नसतात, सारख्या हलत्या ठेवायच्या असतात. तू त्यावरनं मल्हारीचं एक वाक्य केलं होतंस. मी मावसभावाला सांगितलं, बर्फात घालू नका, मांडीवर घ्या आणि कराडपर्यंत हळूहळू हलवत न्या. तो मान डोलावून गेला. मोटारसायकलवर मागं बसून, पिशव्या तान्ह्या पोरासारख्या धरून. मी चिठ्ठीवर माझा नंबर लिहून दिला होता, अजून लागल्या तर थेट मला फोन करा म्हणून.

मग मी आत जाऊन रक्तदात्याचा अर्ज घेतला. तुझा-माझा गट एकच, ही आपली जुनी चेष्टा. तो अर्ज मी दिवसातनं किती जणांपुढं सरकवतो. त्यात एक ओळ आहे, तुलाही ती ठाऊक होती. आपल्यासारख्यांचं रक्त घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. खोटं लिहिलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. पण मी त्या टेबलाच्या पलीकडं बसणारा माणूस. खोटं लिहू नका, घेणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो, हे मीच लोकांना सांगतो. पेन उघडून मी बसून राहिलो. तेवढ्यात आबांच्या पलटणीतले तिघं जण तुझं नाव सांगत रक्त द्यायला आले, टोप्या काढून रांगेत बसले. रक्त कमी पडलं नाही रे. तुझ्या बाबतीत तेवढं तरी कमी पडलं नाही. मी अर्ज फाडला आणि त्या तिघांना बिस्किटं दिली.

दोनशे वर्षं जुन्या रक्तपित्याची प्रेमकथा लिहिणारा मी, मला तुला दोन थेंब देता आले नाहीत. हे तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून हसला असतास. म्हणाला असतास, हे टाक कथेत, लय भारी हाय.

बुधवारी दुपारी मावसभावाचा फोन आला. त्यानं माझं नाव विचारलं नाही, त्याला ते लागणारही नव्हतं. म्हणाला, “आता नगं पिशव्या.” मी विचारलं, उतार पडला का. तो म्हणाला, “आणलाय घरी. पाचला न्यायचाय.”

मी साहेबांना सांगितलं, गावाकडं मयत झालंय. कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ओळखीचे. मिळाली ती गाडी धरली आणि कराडला बदलली. उंब्रजच्या पुलाखाली उतरलो तेव्हा साडेचार होत आले होते. मेंढरं रानात असताना मी आलो की तू मला इथवर घ्यायला यायचास.

आता जे सांगतो ते ऐकून तू मला मूर्ख म्हणशील. म्हण.

तुमच्या दारात माणसं मावत नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आबांच्या पलटणीतली माणसं, कारखान्यातली माणसं. जो येत होता तो चपला काढून सरळ आत जात होता. मी कडब्याच्या गंजीपाशी थांबलो. दार समोर होतं, पंधरा-वीस पावलांवर. मी कोण म्हणून आत जाऊ? तीन वर्षांत या दारातनं मला कुणी ये म्हटलं नव्हतं. मल्हारीनं ज्या जागेवर दोन वर्षं काढली त्याच जागेवर मी उभा होतो आणि कुणीतरी ये म्हणेल म्हणून वाट बघत होतो. दुःखानं माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात, माझं चुकीच्या दिशेनं चाललं. आपण केलेला नियम मी स्वतः पाळत होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. आतनं बायकांचा आवाज वाढला. एक म्हातारे माजी सैनिक, आदल्या दिवशी मी ज्यांचं रक्त घेतलं होतं त्यांच्यातलेच, माझ्यापाशी आले. मला ओळखलं त्यांनी. म्हणाले,

“हितं काय करतुयास लेकरा? कुणी या म्हणायची वाट बगतुयास व्हय? मयताच्या घरी या म्हणत न्हाईत. आपणच जायाचं असतंय.”

हे मला ठाऊक नव्हतं का? पोरवयापासून ठाऊक होतं. मयताच्या घरात येणाऱ्याला कुणी या म्हणत नाही, जाणारा येतो म्हणत नाही. आमच्या वाडीतही तसंच, तुमच्या गावातही तसंच. मी धावत आत गेलो. पण तोवर पाणी घालून झालं होतं. ज्याला ज्याला तुझ्या तोंडात पाणी घालायचं होतं त्या सगळ्यांनी घातलं होतं आणि तुझा चेहरा झाकून दोरी आवळली होती. मला तुझे तळवे दिसले. उजव्या अंगठ्याला कापल्याची जुनी खूण, उसाच्या पाचटाची. ती खूण मला माहीत होती म्हणून तो तूच होतास, एवढंच मी सांगू शकतो. लगेच तुला उचललं.

मी सोप्यात एकटा राहिलो क्षणभर. भिंतीवर आबांचे पलटणीतले फोटो, कारखान्याचं कॅलेंडर, फडताळ डावीकडं, तू सांगितलंस तसंच. उगवतीकडं खिडकी नव्हती. सगळी भिंत कोरी होती, बुजवलेली वगैरे नाही, कधी नव्हतीच. यशवंत दोन वर्षं जिथनं मल्हारीला बघत होता ती जागा तू मला दिली होतीस, घरात नव्हती तरी. का दिलीस, हे मला तुला विचारायचं आहे. फार विचारायचं आहे रणजित. मला राग आला आणि रडूही आलं. बाहेर सगळे चालू लागले होते, म्हणून मी त्यांच्या मागनं चालू लागलो.

स्मशानात उभं असताना मला शेवटचं प्रकरण सुटलं. मल्हारीला कुणी ये म्हणायची गरजच नाही. यशवंत मेला की ते मयताचं घर होतं, मग तो आपसूक आत जाऊ शकतो. आत जातो आणि फक्त तळवे बघतो. नियम मोडत नाही, आईला बोलावं लागत नाही, सगळं बसतं. तुझं म्हणणं खरं ठरतं. तू हाच शेवट मनात धरला होतास का? माझा शब्द खोडताना तुला हे दिसत होतं का? दिसत असेल तर सांगायचं होतंस. मी तुझ्यावर तो घाणेरडा शब्द टाकला नसता.

मला हा शेवट नको आहे. मी तो लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी माती सावडायला आलो. या वेळी गंजीपाशी थांबलो नाही. नदीवरून परत आल्यावर पुरुष बाहेर बसले. मला सांगलीची गाडी गाठायची होती. तुझ्या आईला भेटल्याशिवाय निघवेना, म्हणून मधल्या दारापर्यंत गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, भोवती बायका. त्यांना मी एवढ्या जवळनं कधी बघितलं नव्हतं. त्यांची हनुवटी तुझ्यासारखी आहे, म्हणजे तुझी त्यांच्यासारखी. खाली मान घालून हात जोडले आणि सवयीनं तोंडातनं गेलं, “येतो काकी.”

सगळ्या बायका चपापल्या. एकजण लगेच म्हणाली, येतो म्हणू नये रं अशा घरात. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. माफी मागायला तोंड उघडलं तर तुझ्या आईनं हात वर केला. मावसभावानं त्यांना काहीतरी सांगितलं असणार. त्या शेजारणीला म्हणाल्या,

“म्हणू दे त्याला. ह्याचंच रगत चढवलं माझ्या लेकराला.”

आणि मग माझ्याकडं बघून, “ये.”

मी उंबऱ्याच्या बाहेर, त्या आत. तू सांगितलेल्या अटीत काहीही कमी नव्हतं. घरातल्या बाईनं, आतनं, आणि वाटेवरच्याला म्हणतात तसं नाही. मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं की काकी, माझं नाही चढवलं, माझं चालत नाही, मी नुसत्या पिशव्या दिल्या. नाही सांगितलं. त्यांना तेवढाच आधार होता म्हणून नाही सांगितलं, का मला तो शब्द हवा होता म्हणून, हे मी रोज स्वतःला विचारतो. खरं काय ते कळल्यावर त्या परत ये म्हणतील का, हेही विचारतो. याचं उत्तर तुझ्याकडं होतं. तू म्हणायचास मी त्यांना ओळखत नाही. नाहीच ओळखत. ओळख करून द्यायची होतीस.

म्हणजे आपल्या वादाचा निकाल लागला का नाही, सांग. मी जिंकलो म्हणावं तर खोटेपणानं जिंकलो. तू जिंकलास म्हणावं तर त्या म्हणाल्या की रे, माझ्या कानांनी ऐकलं. तुझा आईवर एवढा अविश्वास होता आणि त्याच घरात तू माझ्यासाठी एक खिडकी पाडलीस. घाबरणारा माणूस असं करत नाही. तो शब्द मी मागं घेतो. फार उशिरा, पण घेतो.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आपली फाइल उघडली. यशवंत अंथरुणावर आहे, मल्हारी घोंगडं पांघरून दारात, आई आत. पुढं कोरं. मी लिहिलं, आई म्हणाली, ये. फाइल बंद केली. तू खोडशील म्हणून रोज दुपारी डबा उघडायच्या आधी जाऊन बघतो. बारा दिवस झाले. कुणी खोडलेलं नाही.